पुडीबाहेरचं विष

१

हवालदार बळीरामने माझ्या टेबलावर एक पुडी ठेवली आणि समोरच्या खुर्चीत अंग टाकलं. सकाळचे सव्वासात वाजले होते. माझं अजून तोंडही धुऊन झालं नव्हतं.

"उंदराचं औषध आहे," तो म्हणाला. "फर्डिनंडच्या स्वयंपाकघरात सापडलं, फळीवर. पुडी अर्धी रिकामी. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या डॉक्टर, की अँजेलिनाला विष घातलंय. बाकीचं मी बघतो."

"बाई गेली का?"

"नाही, पण..."

"मग आधी मला बाई बघू दे. दोन ओळी कुठे पळून जात नाहीत."

गिरीजमधला माझा दवाखाना म्हणजे चार खाटा, सुझान नावाची एक नर्स आणि मी, डॉक्टर युजीन घोन्साल्विस, वय अठ्ठावन्न. हे १९७९च्या ऑक्टोबरातलं. एकतीस वर्षं मी ह्या गावाच्या जिभा बघत होतो आणि खरं सांगायचं तर कंटाळलो होतो. सकाळी उठलं की पहिला विचार यायचा, आज कोणी आलं नाही तर किती बरं होईल. तसा दिवस कधी उगवला नाही.

अँजेलिनाला घरच्यांनी नुकतंच आणून पहिल्या खाटेवर झोपवलं होतं. छत्तीस वर्षांची बाई, दिसत होती पन्नाशीची. रात्रभर उलट्या झालेल्या, ओठ सुकलेले, हात थंडगार. हाक मारली की डोळे अर्धे उघडायची आणि भलतंच काहीतरी पुटपुटायची. ब्लडप्रेशर सत्तर. मी सलाईन लावलं. मुंबईला न्यायचं म्हटलं असतं तर घोडबंदरची खाडी ओलांडायच्या आतच ती गेली असती.

ही बाई मला नवी नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी नवरा, फर्डिनंड, तिला घेऊन आला होता. सारखी थकते, ऐन उकाड्यात स्वेटर घालते, आवाज जड झालाय, कामात हात उचलत नाही. थायरॉईड मंद झालंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी गोळ्या लिहून दिल्या होत्या. आठवड्याने पुन्हा दाखवून गेली, तेही कागदावर होतं.

फाटकाबाहेर वीस-पंचवीस माणसं जमली होती. व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. बाकावर चौघांची जागा होती, पण तिच्याशेजारी कोणी टेकत नव्हतं. ती सालोमी. फर्डिनंडची थोरली बहीण, लग्न न झालेली, भावाचं घर आणि चूल सांभाळणारी.

"बारा वाजेपर्यंत थांबतो," बळीराम म्हणाला. "मग हिला चौकीवर न्यावीच लागेल. लोक ऐकायचे नाहीत, डॉक्टर. आणि ती बाई गेली, तर चौकीवर नेऊनही भागायचं नाही."

२

सालोमीला मी आत बोलावलं. ती उभीच राहिली.

"पुडी तुझी?"

"माझीच. माळ्यावर नारळ ठेवलेत, उंदीर रोज दोन-चार कुरतडतात. सुकटीत कालवून ठेवली. अर्धी वापरली, अर्धी उरली. लपवायची असती तर फळीवर ठेवली असती का?"

"तिला खायला कोण देतं?"

"मीच देते. सकाळी पेज, दुपारी भात. तिच्याच्याने काय होतंय? तेरा वर्षं झाली, डॉक्टर. घागर उचलायची म्हटली तर हिला घेरी. भाजी खुडायची तर हिला धाप. पहाटे चारला मी केळींना पाणी सोडते आणि ही सातला उठून विचारते, सालोमी, थंडी का वाजते गं? ऑक्टोबरात! मी तिला आळशी म्हणते. तोंडावर म्हणते. सगळ्या आळीला ठाऊक आहे. पण म्हणून मारीन का मी तिला?"

"लोक म्हणतात, मारशील."

"लोकांना काय, त्यांच्या जिभेला हाड नाही." तिचे डोळे भरले होते, पण पदर लावायलाही ती तयार नव्हती. "जेम्स चौकीवर गेला. शेजारी म्हणून लहानपणापासून ज्याला मी जेवू घातलं, तो जेम्स."

"उलट्या कधीपासून?"

"आठ दिवस. आधी थोड्या थोड्या. काल रात्री फारच. उलट्या लागल्यापासून पेजेशिवाय तिला काही चालत नव्हतं. त्याच पेजेतली मीही प्यायले. पण ते कोण बघतंय?"

ती बाहेर गेल्यावर मी दार लावलं, पुडी उघडली आणि बळीरामला म्हणालो, "वास घे."

त्याने नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. "शी! सडक्या मासळीचा वास."

"रंग?"

"काळा. कोळशासारखा."

सुझानच्या टेबलावर थोडी गार पेज होती, तिच्या नाश्त्याची. मी त्यात सुपारीएवढी पूड टाकून ढवळली. पेज राखाडी झाली आणि खोलीभर घाण सुटली. नाश्ता गेला म्हणून सुझानने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी विसरलेलो नाही.

"अशी पेज तू आठ दिवस पिशील का, बळीराम? कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही. आणि तिची उलटी मी बघितली. पिवळं पाणी, वास काही नाही. ही पूड पोटात गेली असती तर माणूस आठ दिवस रेंगाळत नाही. एक-दोन दिवसांत इकडे नाहीतर तिकडे."

"मग भाजीवर फवारायचं औषध असेल. ते तर प्रत्येक वाडीत असतं."

"त्याने तोंडाला फेस येतो, अंगाला घामाच्या धारा लागतात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हिचं तोंड कोरडं, अंग कोरडं, बाहुल्या जशाच्या तशा."

बळीरामने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे विष नाहीच?"

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात पडद्याआडून सुझानने हाक मारली, "डॉक्टर, लवकर या. ही आता ओ देत नाहीये."

३

ओ देत नव्हती हे खरं. मी शिरेतून ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं, डोळे मिटून दिलं म्हटलं तरी चालेल, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दोन मिनिटांत अँजेलिनाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

मी स्टुलावर बसलो. अंगातली साखर उतरली होती. कुठल्या विषाने साखर अशी उतरते? डायबेटिसची औषधं सोडली तर मला एकही आठवेना, आणि त्या घरात डायबेटिस कोणालाच नव्हता. ब्लडप्रेशर अजून पंचाहत्तरवर अडकलेलं. दोन बाटल्या सलाईन गेलं तरी ढिम्म हलेना.

"डॉक्टर," सुझान हळूच म्हणाली, "एक सांगू? थर्मामीटर लावताना बघितलं. बाईच्या काखेत एक केस नाही. खालीही नाही. भुवयाही विरळ."

"काढत असेल."

"गिरीजच्या वाडीतली बाई? शेणात हात घालायचे की काखा भादरायच्या?"

मी उठून खालची पापणी ओढून बघितली, मग हाताचे तळवे. बाई पांढरीफटक होती. चेहऱ्यावर मेणासारखी छटा, डोळ्यांच्या कडेला जुन्या कागदावर पडतात तशा बारीक सुरकुत्या. कुठेतरी काहीतरी वाचलेलं होतं, पस्तीसेक वर्षांपूर्वी, परीक्षेसाठी. पण तेव्हापासून मी सर्दी, जुलाब आणि खरूज ह्यांपलीकडे फारसा गेलोच नव्हतो.

दारात विनी उभी होती. अँजेलिनाची एकुलती एक मुलगी, तेरा वर्षांची, शाळेचा गणवेश घालून आलेली. आज शाळा कसली? पण पोरीला दुसरं काय घालावं ते कळलं नसेल.

"डॉक्टर, आईच्या गोळ्या आणल्यात," ती म्हणाली. "लागतील म्हणून. मी एकही चुकवली नाही. रोज सकाळी मीच देते. तुम्ही गेल्या आठवड्यात एकाच्या दोन केल्यात ना, तेव्हापासून दोन देते. आज पहाटे उलटी थांबली तेव्हाही दिल्या."

तिने बाटली माझ्या हातात ठेवली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं.

आठ दिवस उलट्या. आणि डोस दुप्पट केल्यालाही बरोबर आठ दिवस.

विष नाही असं मी बळीरामला सांगायला निघालो होतो. विष होतं. फक्त ते पुडीत नव्हतं.

४

पण थायरॉईडच्या दोन गोळ्यांनी माणूस मरत नाही. हजारो लोक घेतात. मरायचंच असेल तर आधी आत दुसरं काहीतरी मोडलेलं असावं लागतं. ते काय, हे मला अर्धं आठवत होतं आणि अर्ध्या आठवणीवर औषध टोचायची हिंमत होत नव्हती.

फर्डिनंडला मी विचारलं. तो खाटेच्या पायाशी बसून जपमाळ ओढत होता.

"विनीच्या वेळी बाळंतपणात काही त्रास?"

"नाही डॉक्टर. मी तुम्हांला मागेही सांगितलं की. सगळं नीट झालं."

सांगितलं होतं खरं. पंधरा दिवसांपूर्वी मी हाच प्रश्न विचारला होता, त्यालाच. त्याने 'नीट झालं' म्हटलं, मी 'नॉर्मल' लिहिलं. बाई शेजारी खाली मान घालून बसली होती आणि मी तिच्याकडे वळूनही बघितलं नव्हतं. बाहेर पंधरा पेशंट खोकत होते.

"तू होतास तिथे?"

"मी कसा असणार? पहिलं बाळंतपण, ती माहेरी होती, गासला. आम्हांला थेट मुलगी झाल्याचा निरोप आला."

"मग नीट झालं हे तुला कोणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"त्यानंतर अँजेलिनाला पाळी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "ती म्हणते, येत नाही. आम्ही म्हटलं, देवाची मर्जी."

साडेदहाला सासूबाई आल्याच. बर्था, सत्तरीची, गासहून एसटीने आलेली, बरोबर भागूबाई नावाची शेजारीण, डोक्यावरून पदर, पायात चपला नाहीत. लेकीला बघून बर्था रडली आणि मग व्हरांड्यात बसलेल्या सालोमीकडे बोट करून म्हणाली, "मारलीस ना माझी पोर!"

मी तिला हात धरून आत आणली.

"बर्थामावशी, रडणं मागून. विनीच्या वेळी काय झालं?"

"काय व्हायचं? झालं बाळंतपण. सगळ्यांचं होतं तसं."

"विनीला दूध कोणाचं?"

बर्था भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत राहिली.

"मावशी, पोर वर्षभर गासला का ठेवली होती? आईला सासरी पाठवली आणि तान्ही पोर आजीकडे. गावात काय काय बोललं गेलं तेव्हा, मला माहीत आहे. पोर दुसऱ्या कोणाची इथपर्यंत बोलले लोक. एवढं ऐकून घेतलंत, पण खरं सांगितलं नाहीत. का?"

"काही नव्हतं सांगण्यासारखं."

"तुमची पोर बारापर्यंत टिकायची नाही. आता बोला."

बोलली ती भागूबाई.

"दूद माजं," ती म्हणाली. "माजा पोऱ्या तवा चार म्हयन्यांचा. एकीकडं त्यो, एकीकडं ही विनी. दोगांना पाजलं."

"भागू!" बर्था ओरडली.

"आता कसली भागू? पोर मराया टेकली नि तू आजून आब झाकतेस!" भागूबाई माझ्याकडे वळली. "डाक्टर, लय रगत गेलं व्हतं. गोदडी भिजली, सारवल्याली जमीन भिजली. सुईन बोलली, ही जगत न्हाय. दोन दिस शुद न्हवती. फादर येऊन शेवटचं तेल लावून गेले. मंग कशी जगली त्यो देवच जाने. पन दूद? एक थेंब आला न्हाय. छाती कवा भरलीच न्हाय तिची."

"आणि हे सासरी कोणाला...?"

"हिनंच आन घातली सगळ्यांना. सुईनीला, मला, पोरीलाबी."

"मग काय करायचं होतं?" बर्था कळवळून म्हणाली. "रोगट पोरगी गळ्यात बांधली म्हटलं असतं सासरच्यांनी. पहिलं बाळंतपण माहेरचं, ते माहेराने निस्तरायचं. माझ्या आईनेही असंच झाकलं माझं. सगळ्याच झाकतात, डॉक्टर. मी काय जगावेगळं केलं?"

मी सुझानला हाक मारली. "दम्याच्या पेशंटसाठी ठेवलेलं हायड्रोकॉर्टिसोन काढ. किती आहे?"

"दोन बाटल्या."

"दोन्ही काढ."

५

सव्वाअकराला पहिली बाटली शिरेतून गेली. त्यानंतर करायला काही नव्हतं. मी स्टुलावर बसलो आणि दर दहा मिनिटांनी पट्टा आवळत राहिलो. पंचाहत्तर. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. मला भीती वाटत होती. ती मेली असती तर विष कोणी घातलं हे जगात फक्त मला ठाऊक राहिलं असतं, आणि दोन ओळी लिहून मोकळं होणं किती सोपं होतं हेही मला दिसत होतं. सालोमीसाठी भांडायला कोण येणार होतं?

बारा वाजता बळीराम दारात आला. मी त्याला हातानेच थांबवलं. नव्वद.

साडेबाराला शंभर. एक वाजता अँजेलिनाने विनीला नावाने हाक मारली आणि गणवेश का घातलास म्हणून विचारलं. फर्डिनंडची जपमाळ खाली पडली. सुझान माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, कारण तिला रडताना कोणी बघितलेलं चालत नाही.

दोन वाजता बाई उशीला टेकून बसली. मी तिला, नवऱ्याला आणि मुलीला सोप्या शब्दांत सांगितलं.

"डोक्यात, नाकाच्या मुळामागे, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्यूटरी म्हणतात. ती सगळ्या शरीराला हुकूम देते. दूध उतरव, पाळी आण, अंगात ऊब ठेव, संकट आलं तर जोर दे. बाळंतपणात फार रक्त गेलं की कधीकधी ती सुकते. माणूस जगतो, पण हुकूम देणारं कोणी उरत नाही. तुझं तेरा वर्षं तसं चाललंय. त्यात तुझं थायरॉईड मंद दिसलं म्हणून मी गोळी दिली. तेवढीच दिली. संकटात जोर देणारं जे रसायन असतं, ते तुझ्याकडे चिमूटभरच उरलं होतं. ते आधी भरून द्यायला हवं होतं, आज टोचलं ते तेच. मी न भरताच गाडी पळवली. उपाशी बैलाला चाबूक मारावा तसं झालं. तू आणखी थकलीस, तर मी दुसरा चाबूक मारला."

विनीने गोळ्यांच्या बाटलीकडे बघितलं. "गोळ्या तर मी दिल्या."

"तू मी सांगितलं ते केलंस. एकही चुकवली नाहीस म्हणून तर तारखा जुळल्या आणि मला कळलं. चूक माझी, बाळा. सगळी माझी. आता मुंबईला तपासण्या करू, आणि दुसऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. त्या तूच दे."

अँजेलिना चादरीच्या काठाशी खेळत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे मी आळशी नव्हते?"

"नाही."

"मला वाटायचं, खरंच असेन," ती म्हणाली, आणि पोरीचा हात धरून मोठ्याने रडली.

६

व्हरांड्यात सगळेच होते. बळीराम कागद-पेन घेऊन, बर्था आणि भागूबाई पायरीवर, जेम्स आणि गाव फाटकाच्या आत आलेलं. सालोमी सकाळी होती तिथेच, बाकाच्या त्याच टोकाला.

"बाई वाचली," मी म्हणालो. लोकांनी क्रुसाची खूण केली. "आता नीट ऐका, बाहेर जाऊन उलटसुलट सांगू नका. तिला जे बाधलं ते पुडीतलं नव्हतं, पेजेतलंही नव्हतं. ते माझ्या गोळ्यांतलं होतं. मी आजार अर्धा ओळखला आणि औषध भलत्या क्रमाने दिलं. सालोमीने काही केलेलं नाही. लिही, बळीराम. कोणी दिलं? डॉक्टर घोन्साल्विसने."

बळीरामने पेनाला टोपण लावलं. "असं कसं लिहू, डॉक्टर? तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"सकाळी हिच्याबद्दल लिहायला निघाला होतास."

"ते वेगळं," तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

मी लोकांकडे बघितलं. मला वाटलं होतं, कोणीतरी शिवी देईल. निदान उद्यापासून दवाखान्यात येणार नाही म्हणेल. मी त्याला तयार होतो, खरं तर थोडा आतुरही होतो.

"अहो, माणूसच तुम्ही," जेम्स म्हणाला. "एकतीस वर्षांत एकदा चुकलात. आणि शोधून काढलंत तेही तुम्हीच. दुसरा कोणी असता तर कळलंही नसतं. थकलात तुम्ही, बसा." कोणीतरी खुर्ची आणली. कोणीतरी म्हणालं, डॉक्टर सकाळपासून उपाशी आहेत. समोरच्या घरातून चहा आला, वर दोन बिस्किटं. बर्था पुढे येऊन माझ्या हाताचं चुंबन घेऊन गेली, जणू मी बिशप होतो.

सालोमी उठली. ती माझ्यासमोर आली, कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई वाचली, बरं झालं," ती म्हणाली. "मी तिला तेरा वर्षं घालूनपाडून बोलले, ते माझं मी तिच्या पायाशी बसून फेडीन. पण एक सांगते, डॉक्टर. तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर कबूल केलंत, त्याला पाच मिनिटं झाली नाहीत, तर तुम्हांला चहा आला. मी सकाळी सातपासून ह्या बाकावर आहे. मी काहीच केलं नव्हतं. मला कोणी पाणी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

मी कप तिच्यापुढे केला. तिने मान हलवली आणि आत अँजेलिनाच्या खोलीकडे गेली.

"गार होईल, डॉक्टर," जेम्स म्हणाला.